सिनेमा-मालिकांचा संगीतकार व्हायचंय? सांगली-मिरजेतून नेहमी येणारे प्रश्न

मी मूळचा मिरजेचा. अकरा वर्षं मुंबईत मालिका आणि मराठी सिनेमांच्या संगीतात गेली, त्यातली पहिली चार एका अरेंजरच्या हाताखाली. आता सहा वर्षं झाली, मिरजेतूनच काम करतो. सांगली, तासगाव, विटा, कधी थेट आटपाडीहून मुलं-मुली भेटायला येतात. पुष्कळदा सोबत आई-वडीलही असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण उभ्या उभ्या उत्तर दिलं की अर्धवट राहतं आणि मग मलाच चुटपुट लागते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

संगीतकार, अरेंजर, प्रोग्रामर, बॅकग्राउंड करणारा: हे सगळे एकच का?

नाही. आपल्याकडे संगीतकार आणि संगीत दिग्दर्शक हे शब्द एकाच अर्थानं वापरतात: गाण्याला चाल लावणारा, आणि कोण गाणार, काय वाजणार हे ठरवणारा. त्या चालीभोवती वाद्यांचं बांधकाम करतो तो अरेंजर, आणि ते कॉम्प्युटरवर उभं करतो तो प्रोग्रामर. हल्ली ही दोन्ही कामं बहुधा एकाच माणसाकडे असतात. पार्श्वसंगीत, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘बीजी’ म्हणतात, ते पुष्कळ वेळा तिसऱ्याच माणसाकडे जातं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही 2009 च्या चित्रपटांपासून गाण्यांसाठी आणि पार्श्वसंगीतासाठी वेगवेगळे पुरस्कार दिले जातात. यातलं आपल्याला नेमकं काय व्हायचंय हे ठरवायची आजच घाई नको. पहिली काही वर्षं समोर येईल ते करावंच लागतं.

मला चाली सुचतात. सगळे म्हणतात, सिनेमात जा. एवढं भांडवल पुरेल का?

चाल सुचणं ही देणगी आहे. ती असेल तर जपा, रोज एक चाल बांधा, मोबाइलमध्ये साठवा. पण सिनेमासाठी आणखी एक गोष्ट लागते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. दृश्य कानानं ऐकता यावं लागतं.

मला हे कसं कळलं ते सांगतो. हाताखाली असतानाचं दुसरं वर्ष. मालिकेतला प्रसंग असा: घरधनी हळदीच्या सौद्यावरून परत आलाय, भाव पडलाय. तो काही बोलत नाही. मोरीपाशी उभा राहतो, बायको तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी घालते, तो टॉवेल घेतो, आत जातो. एक मिनिट पन्नास सेकंद, संवाद एकही नाही. मला वाटलं, मैदान मोकळंच आहे. बासरी लावली, खाली व्हायोलिनचा ताफा, मधे सारंगीचा तुकडा. रात्रभर बसून केलं. सकाळी आमच्या सरांनी ते ऐकलं, एकेक ट्रॅक बंद केला आणि म्हणाले, “आता ऐक.” पाण्याची धार फरशीवर पडत होती. तांब्या रिकामा होत आला तशी धारेचा आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी तांब्या मोरीच्या कठड्यावर ठेवल्याचा ‘टण्’. त्या टण्‌नंतर त्यांनी माझी बासरी सुरू केली, तीही फक्त चार सुरांपुरती. मीच वाजवून घेतलेले चार सूर, पण ते ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी चाल ऐकवायला सांगत नाही. एखादं दृश्य दाखवतो आणि विचारतो, संगीत कुठं सुरू करशील? कुठं थांबवशील? सुरू करायची जागा बहुतेकांना सापडते. थांबायची जागा सापडायला वर्षं लागतात.

यात हिशोब किती असतो? माझं गणित कच्चं आहे.

बेरीज-भागाकार आला की झालं. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमनं चालतं, सिनेमाचं 24 नं. समजा मालिकेतल्या दृश्यात बरोबर 14 व्या सेकंदाला दार उघडतं आणि तिथं तुम्हाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हवी आहे. आठ मात्रांच्या केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे 16 मात्रा. 14 सेकंदांत 16 मात्रा बसवायच्या, तर मिनिटाला 68.57 मात्रांची लय लागेल. सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा टाकला की सम दारावर येते. पण नेमकी फ्रेमवर आलेली सम कधी कधी खोटी वाटते. दार उघडल्यावर बघणाऱ्याच्या मनात ते उमटायला एक क्षण जातो, त्या क्षणानंतर सूर आला तर तो जास्त खरा लागतो. मी पुष्कळदा चार-पाच फ्रेम मागे ठेवतो. हे मात्र गणितात नाही, तबलजीबरोबर बसून कळतं.

गांधर्वचं विशारद झालंय. त्याचा उपयोग होतो का?

प्रमाणपत्राचा नाही, शिक्षणाचा होतो. निर्माता तुमची परीक्षा कोणती झाली हे विचारणार नाही. पण दिग्दर्शक जेव्हा म्हणतो, “तेच हवंय, पण जरा कमी दुःखी,” तेव्हा कोमल धैवत काढून शुद्ध लावायचा की लय वाढवायची, हे ज्याला क्षणात सुचतं तो टिकतो. राग अंगात मुरलेला असला की हे सुचतं. आपल्या भागाला ही परंपरा घरची आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, पलुस्करबुवा इथंच बाळकृष्णबुवांकडे शिकले. दर्ग्याच्या उरुसात आजही रात्र-रात्र गाणं होतं आणि ऐकायला तिकीट लागत नाही. तिथं जाऊन बसा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, यायला हवं का, हाही प्रश्न याला जोडूनच येतो. आलं तर उत्तम. चेन्नईत किंवा परदेशात व्हायोलिनवाल्यांकडून वाजवून घ्यायचं तर कागदावर तीच लिपी लागते. सुरुवातीला नाही आलं तर अडत नाही, पण तिशीच्या आत शिकून घ्या. मी उशिरा शिकलो आणि त्यामुळे दोन चांगली कामं दुसऱ्याकडे गेली.

सांगलीत राहून सुरुवात कुठून करायची?

नाटकापासून. याच्याइतकं खात्रीचं दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते याच गावात. शारदा लिहिणारे देवल हरिपूरचे. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, हृदयनाथ मंगेशकरांचा जन्म इथलाच. नाटकातून सिनेमात जायची वाटही आपल्याकडे बोलपटाइतकीच जुनी आहे. 1932 साली पहिला मराठी बोलपट आला, त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि ते त्याच्या कितीतरी आधीपासून संगीत नाटकांना चाली देत होते.

आजही कॉलेजच्या एकांकिका आहेत, राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावरच्या फेऱ्या आहेत, हौशी संस्था आहेत. त्या सगळ्यांना पार्श्वसंगीत करणारं माणूस हवं असतं आणि बहुतेक वेळा ते काम कुणाच्या तरी गळ्यात मारलेलं असतं. तुम्ही ते मागून घ्या. तालमीला पहिल्या दिवसापासून जा, नुसतं शेवटच्या आठवड्यात पेनड्राइव्ह घेऊन जाऊ नका. आणि प्रयोगाला संगीत स्वतः ऑपरेट करा. विंगेत किंवा मागच्या केबिनमध्ये लॅपटॉपवर बोट ठेवून बसलेलं असताना नट एक वाक्य गाळतो, दुसरा जास्तच थांबतो, आणि तुमचा तुकडा त्याच्यासाठी धरून ठेवावा लागतो. तेव्हा श्वास म्हणजे काय ते कळतं. प्रेक्षकांत खोकला सुरू झाला की समजायचं, संगीत लांबलंय. कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे लघुपट. पुण्या-कोल्हापुरातली सिनेमा शिकणारी मुलं सतत काहीतरी शूट करत असतात आणि त्यांच्याकडे संगीतकार नसतो. पैसे मिळणार नाहीत, पण त्यातलाच एखादा दहा वर्षांनी दिग्दर्शक होतो आणि त्याला तुमचं नाव आठवतं. माझी चांगली कामं सगळी अशाच जुन्या ओळखीतून आली.

वाई-साताऱ्याकडे इतक्या मालिकांचं शूटिंग चालतं. तिथंच संगीताचं काम मिळेल ना?

शूटिंग तिथं असलं तरी संगीत तिथं होत नाही. चित्रीकरण झालं की ते संकलनाला मुंबईला जातं आणि संगीताचा निर्णय तिथं, वाहिनीच्या आणि निर्मात्याच्या ऑफिसात होतो. तरी सेटवर जायला मिळालं तर जाच. सहायक दिग्दर्शकांशी ओळख करून घ्या, दिवसाकाठी किती प्रसंग शूट होतात ते बघा. लोक किती घाईत काम करतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की, दोन दिवसांत थीम मागितली म्हणून राग येत नाही.

मालिकेचं संगीत रोजच्या रोज करतात का?

नवीन असं रोज फार थोडं होतं. मालिका सुरू होण्याआधी दोन गोष्टी होतात. एक टायटल ट्रॅक, म्हणजे शीर्षकगीत. दुसरी, पार्श्वसंगीताची बँक. नायिकेची थीम, सासूची थीम, घराची थीम, आणि प्रत्येकीची पाच-सहा रूपं: पूर्ण वाद्यांची, नुसत्या बासरीची, संथ, ताणाची, आनंदाची. चाळीस-पन्नास तुकडे तरी लागतात. प्रत्येक तुकड्याचे स्टेम्स, म्हणजे ताल वेगळा, तारवाद्यं वेगळी, सुरावट वेगळी, असे द्यावे लागतात. कारण पुढे रोज ते दृश्यावर बसवणारा माणूस दुसरा असतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधला बावीसेक मिनिटांचा मजकूर त्याच्याकडे येतो आणि काही तासांत त्याला तो उरकायचा असतो. तुमचे स्टेम्स नीट नाव दिलेले, नीट कापलेले असतील तर तो तुमचं संगीत वापरेल, नाहीतर जुन्या कुठल्यातरी मालिकेतलं चिकटवेल. फाइलला ‘फायनल नवीन 2’ असलं नाव देऊ नका. ‘आई_थीम_संथ_बासरी’ असं द्या.

शीर्षकगीत हा वेगळाच कस आहे. मिनिटभरात मुखडा लोकांच्या ओठावर बसला पाहिजे. अशोक पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्स आणि शीर्षकगीतं या दोन्हींत केवढं काम केलंय ते बघा. थोडक्यात सांगायची सवय दोन्हीकडे लागते.

घरी काय काय सामान लागेल?

16 जीबी रॅमचा लॅपटॉप, जमल्यास 32 चा. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्य लॅपटॉपला जोडायची पेटी), बंद कपांचा चांगला हेडफोन, 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, एक कंडेन्सर माइक. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. रीपर 60 दिवस मोफत वापरून बघता येतं. सगळं 48 किलोहर्ट्झला करायची सवय ठेवा, चित्राबरोबर तेच चालतं. स्पीकरवर पैसे नंतर घाला. खोली घुमत असेल तर महागडे स्पीकरही फसवतात.

यूपीएस मात्र पहिल्याच दिवशी घ्या. आणि कामाची प्रत दोन जागी ठेवा, दोन्ही एकाच घरात नकोत. 2019 च्या महापुरात माझ्या एका मित्राच्या घरात पाणी शिरलं. हार्मोनियम त्यानं माळ्यावर नेली, तबले नेले, आणि आठ वर्षांच्या कामाची हार्ड डिस्क खालच्या खणात राहिली.

सगळी वाद्यं कॉम्प्युटरमध्ये मिळतात. मग खरी वाद्यं कशाला?

एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन अर्धा तास बसा. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत असतो. घोडीवर हलक्या हातानं कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुती दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवतो, आणि एका जागी अचानक तार बोलायला लागते, षड्जातून गंधार ऐकू येतो. तो दोरा जिथं थांबला ती जागा रेकॉर्डिंगमध्ये विकत मिळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण जगभरची सँपल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सुटे सूर, विकत घेतो, आणि हे वाद्य आपल्या घरापासून चालत जायच्या अंतरावर बनतं.

मी एका तंबोऱ्याची प्रत्येक तार वेगवेगळी, दहा-दहा वेळा छेडून रेकॉर्ड केली, माइक भोपळ्याच्या बाजूला ठेवून. पंख्याचा आवाज नको म्हणून मे महिन्यात रात्री दोनला. गेल्या सहा वर्षांत माझ्या जवळजवळ प्रत्येक कामात तो तंबोरा कुठं ना कुठं आहे, कधी उलटा फिरवलेला, कधी इतका खाली की कळतही नाही. तसंच हलगीचं, संबळाचं, जत-आटपाडीकडच्या धनगरी ढोलाचं. रेकॉर्ड करा, पण वादकाला आधी मोबदला सांगा, त्याचं नाव लिहून घ्या आणि श्रेयनामावलीत टाका. “गावाकडची माणसं आहेत, चहा पाजला की वाजवतात,” असं बोलणाऱ्यांबरोबर मी काम करत नाही.

मुंबईला जावंच लागतं का?

काही वर्षं, हो. कुणाच्या तरी हाताखाली काम करायला जा. सेशन कसं चालतं, वादकांना कसं सांगायचं, दिग्दर्शक भडकला तर काय करायचं, हे बघून शिकायचं असतं. भाड्याची सोय आणि निदान आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून जा. एकदा माणसं जोडली की परत येता येतं. मी गाणी आणि बीजी इथून पाठवतो, आणि मिक्सिंगला बसायचं असलं की महालक्ष्मीनं रात्री निघून सकाळी मुंबईत.

डेमो कसा पाठवायचा?

तीन तुकडे, प्रत्येकी दीड मिनिट, त्यातले दोन दृश्यावर बसवलेले. पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. कुणाच्या गाजलेल्या गाण्यासारखं केलेलं पाठवू नका. ते खुद्द त्या माणसाकडून मिळत असताना तुमच्याकडून कोण घेईल?

पैसे किती मिळतात?

एक आकडा सांगता येत नाही, पण रचना समजून घ्या. बहुतेक कामं ‘पॅकेज’वर असतात. ठोक रक्कम ठरते आणि त्यातच वादक, गायक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं तुम्ही करून द्यायचं. समजा एका गाण्याचे 1,00,000 ठरले. वादकांचे 32,000, गायकाचे 15,000, स्टुडिओचे 12,000, मिक्सिंग-मास्टरिंगचे 15,000. झाले 74,000. तुमचे उरले 26,000. त्यात दहा टक्के टीडीएस पूर्ण रकमेवर कापला जातो, म्हणजे 10,000. तो विवरणपत्र भरल्यावर हिशोबात धरला जातो, पण आज हातात 16,000 च येतात. नवीन मुलांचा इथंच घोटाळा होतो: लाखाचं काम मिळालं म्हणून घरी पेढे वाटतात आणि वादकांचे पैसे थकतात. वादकांचे पैसे थकवू नका. ही लाइन लहान आहे, बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे जाते. अर्धी रक्कम आगाऊ घ्या, आणि फायनल फाइल देण्याआधी उरलेली.

करार करताना काय बघायचं?

हे उत्तर मला अनुभवानं महाग पडलंय. मुंबईतल्या एका निर्मात्यासाठी मी थीम केली. बोलणं सगळं फोनवर, पैसे मिळाले, मी खूश. दोन वर्षांनी तीच थीम त्यांच्या दुसऱ्या मालिकेत वाजली, श्रेय दुसऱ्याच्या नावावर. माझ्याकडे दाखवायला मोबाइलवरचे चार मेसेज होते. भांडलो, पण हाती काही लागलं नाही.

कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे आणि 2012 मध्ये त्यात आपल्या बाजूची मोठी दुरुस्ती झाली. सिनेमासाठी केलेलं गाणं चित्रपटगृहात सिनेमाबरोबर वाजतं ते सोडून, बाकी जिथं जिथं वापरलं जातं, म्हणजे टीव्ही, रेडिओ, ॲप, हॉटेल, तिथल्या रॉयल्टीत संगीतकाराचा आणि गीतकाराचा बरोबरीचा वाटा आहे. हा हक्क तुम्ही सोडून देऊ शकत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तो देता येतो. करारात “सर्व रॉयल्टी सोडत आहे” असं वाक्य दिसलं तर ते खोडायला सांगा. हक्क देताना ते लेखीच हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पहिला करार असेल तर वकिलाला दाखवूनच सही करा.

आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा. 1969 पासून ती संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते. सभासद होऊन थांबू नका, प्रत्येक रचना तिथं नोंदवा. पार्श्वसंगीत असेल तर क्यू शीट, म्हणजे कुठला तुकडा कुठं आणि किती सेकंद वाजला त्याचा तक्ता, निर्मात्याकडून मागून घ्या.

मुलगी आहे माझी. या क्षेत्रात बायका कुठं दिसतात?

कमी दिसतात, पण पहिल्यापासून आहेत. सरस्वतीदेवी 1930 च्या दशकात बॉम्बे टॉकीजच्या संगीतकार होत्या. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावानं मराठी सिनेमांना संगीत दिलं. पुढे उषा खन्ना, आता स्नेहा खानवलकर. रात्री उशिरापर्यंतच्या सेशनची काळजी खरी आहे. ती लपवू नका, येण्याजाण्याची सोय कामाच्या बोलण्यातच आधी ठरवून घ्या. माझ्याकडे शिकलेली तासगावची एक मुलगी आज मुंबईत प्रोग्रामिंग करते. स्टेम्सना नावं द्यायची ती पद्धत मी तिच्याकडूनच घेतली.

एआय आल्यावर हे काम राहील का?

मालिकेच्या बँकेतलं नुसती जागा भरायचं काम कमी होतंय, हे मला दिसतंय. पण तांब्या ठेवल्याचा आवाज येऊ द्यायचा आणि मगच बासरी, हे दिग्दर्शकाशी बोलून ठरवायला माणूसच बसतो.

बारावीनंतर सगळं सोडून यातच पडू का?

पदवी पूर्ण करा, कुठलीही. कोल्हापूरला विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, तोही विचारात घ्या. त्या तीन वर्षांत सहा एकांकिका आणि चार लघुपट करा. तेवढं झालं की घरच्यांशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल. आणि पालकांना माझी विनंती आहे, मुलाच्या एकांकिकेचा प्रयोग एकदा तिकीट काढून बघा. संगीत कुठं थांबलं ते त्याला घरी आल्यावर विचारा.

तुम्हाला भेटायला येताना काय आणू?

संवाद असलेलं दोन मिनिटांचं दृश्य, ज्यावर अजून कसलंच संगीत नाही. मित्रानं मोबाइलवर शूट केलेलंही चालेल. आणि स्वतःचा हेडफोन.